आर्म उचलत नाहीत की उचललेले टिकत नाहीत? स्किड स्टीअरची आतली गळती जॅकमध्ये की व्हॉल्व्हमध्ये

जुन्या स्किड स्टीअरचे (पुढे बकेट असलेलं छोटं लोडर मशीन, साइटवर ज्याला सरसकट बॉबकॅट म्हणतात, कंपनी कुठलीही असो) आर्म वर करून ठेवले आणि हळूहळू खाली यायला लागले की जो भेटेल तो एकच सांगतो, जॅकचं (आर्म उचलणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरचं) सील गेलं, किट (नवीन सीलचा संच) टाका. मग दोन्ही जॅक उतरतात, ग्लँड (रॉड जिथून बाहेर येतो ते जॅकचं झाकण) खोलायला पाना बसत नाही म्हणून छिन्नी-हातोडी चालते, मशीन भाड्यावरून बंद राहतं, नवीन किट पडतं आणि संध्याकाळी आर्म परत तसेच खाली. मग किट डुप्लिकेट निघालं म्हणायचं आणि दुसरं आणायचं. हे इतक्या ठिकाणी बघितलंय की आता सविस्तर लिहितोच, कारण यात पैसे मालकाचे जातात आणि बोलणी बिचाऱ्या फिटरला बसतात.

बाहेरची गळती सगळ्यांना कळते, तिच्यावर फार लिहीत नाही. मशीन आधी धुवा, बेलीपॅन (मशीनच्या पोटाखालचा पत्रा) काढून आतला ऑइल-मातीचा चिखल खरवडून काढा (तो तसा ठेवणं म्हणजे इंजिनखाली जळण साठवणं आहे), सगळं कोरडं करा, मग चालू करून बघा ओल पहिल्यांदा कुठे दिसते. थेंब जिथे पडतो तिथे गळती नसते, ऑइल पाईपवरून आणि चॅसीवरून घरंगळत सगळ्यात खालच्या जागी येऊन पडतं. पाईप बदलताना दोन वायरचाच (आत तारेच्या जाळीचे दोन थर असलेला) घ्या. अर्धा इंची एक वायरचा 1एसएन पाईप 160 बारचा असतो, दोन वायरचा 2एसएन 275 बारचा, आणि 3000 पीएसआयवर चालणाऱ्या मशीनमध्ये प्रेशर 207 बारपर्यंत जातं, म्हणजे स्वस्तातला एक वायरचा पाईप तिथे चालतच नाही, दुकानदार कितीही म्हणो.

यात एकच गोष्ट मात्र ठणकावून सांगतो, बारीक फवारा कुठून येतोय हे हाताने चाचपून बघायचं नाही, ग्लोव्ह घालून पण नाही. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारं ऑइल कातडी फोडून थेट आत जातं, सुरुवातीला मुंगी चावल्यासारखं वाटतं, फार दुखत पण नाही, म्हणून माणूस फडक्याने पुसून कामाला लागतो आणि काही तासांत बोट किंवा हात जायची वेळ येते. पुठ्ठ्याचा लांब तुकडा फिरवून बघा. आणि कोणाला लागलंच तर जखम छोटी दिसतेय म्हणून थांबू नका, लगेच ऑपरेशनची सोय असलेल्या हॉस्पिटलला न्या आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा की हायड्रॉलिक ऑइल प्रेशरने आत गेलंय.

आता मुख्य मुद्दा. आतल्या गळतीच्या दोन जागा आहेत. एक, जॅकच्या आत पिस्टनचं सील, जिथून ऑइल पिस्टनच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातं. दुसरी, कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये, स्पूल (लिव्हरने आत सरकणारा दांडा, जो ऑइलच्या वाटा उघडतो-बंद करतो) आणि बॉडीच्या फटीतून किंवा पोर्ट रिलीफमधून (त्या लाइनचं जादा प्रेशर सोडणारा छोटा व्हॉल्व्ह), जिथून ऑइल टँकला परत जातं. दोन्हीत बाहेर थेंब पडत नाही, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. पण लक्षणं वेगळी आहेत. बाकी सगळं ठीक असून फक्त आर्म उचलतानाच मशीन दम टाकत असेल तर आधी जॅक बघा. उचलतं व्यवस्थित पण वर टिकत नसेल तर आधी व्हॉल्व्ह बघा.

आता याचं कारण नीट बघा. लिफ्ट जॅकवर आर्मचं वजन रॉडला आत ढकलत असतं. लिव्हर न्यूट्रलला आला की स्पूल जॅकची दोन्ही तोंडं बंद करतो, बुडाकडचं पण आणि रॉडकडचं पण. समजा पिस्टनचं सील पूर्ण गेलंय, म्हणजे बुडाकडचं ऑइल आरामात रॉडच्या बाजूला जाऊ शकतं. जाऊ दे की. पण आर्म खाली यायचे तर रॉड आत शिरला पाहिजे, आणि तो आत शिरणार म्हणजे स्वतःच्या जाडीएवढी जागा खाणार, तेवढं ऑइल जॅकच्या बाहेर पडलंच पाहिजे. बाहेर पडायला वाट कुठेय? दोन्ही तोंडं बंद आहेत. सिरिंजच्या तोंडावर बोट दाबून दट्ट्या ढकलायचा प्रयत्न करा, तसंच आहे हे. आर्म किंचित दबतील आणि थांबतील. म्हणजे नुसत्या पिस्टन सीलमुळे आर्म जमिनीपर्यंत येऊच शकत नाहीत. ते येतायत याचा अर्थ ऑइल जॅकमधून बाहेर जातंय, आणि ग्लँडमधून किंवा पाईपमधून बाहेर पडताना दिसत नसेल तर ते व्हॉल्व्हमधूनच टँकला जातंय.

मग लोक म्हणतात की किट टाकल्यावर फरक पडला होता, त्याचं काय? खरं आहे, पडतो, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू झालाय. आकडे घेऊन बघू. 63 मिमी बोअर, 40 मिमी रॉडचा जॅक आणि त्यावर 2000 किलोचा भार धरा. सील चांगलं असेल तर तो भार पिस्टनच्या पूर्ण क्षेत्रफळावर, म्हणजे साधारण 31 चौरस सेंटिमीटरवर पेलला जातो, प्रेशर 64 किलोच्या आसपास (दर चौरस सेंटिमीटरला, पुढेही तसंच). सील गेलं की पिस्टनच्या दोन्ही बाजूंना एकच प्रेशर होतं आणि भार पेलायला फक्त रॉडचं क्षेत्रफळ उरतं, साडेबारा चौरस सेंटिमीटर, मग प्रेशर जातं 160 किलोच्या जवळ. अडीच पट! आता व्हॉल्व्हचा स्पूल थोडा झिजलेला असेल तर 64 किलोला जो जरासा पाझरत होता तो 160 ला भरपूर पाझरतो, आणि शिवाय आता दोन्ही तोंडांकडून. किट टाकलं की प्रेशर परत 64 वर येतं आणि आर्म बसायचा वेग कमी होतो. दुखणं व्हॉल्व्हमध्येच राहतं, फक्त त्याच्यावरचा भार उतरतो. काही महिन्यांत स्पूल अजून झिजला की परत तेच.

याच हिशोबातून अजून एक गोष्ट निघते जी फार कमी लोक बघतात. आर्म नुसते वर धरून ठेवलेले असताना रॉडच्या बाजूला खरं तर जवळपास प्रेशर नसायला पाहिजे. पण पिस्टनचं सील गेलेलं असेल तर तिथे ते 160 किलो येऊन बसतं, आणि ग्लँडचं सील उभ्या-उभ्या गळायला लागतं. तेव्हा ग्लँड फक्त आर्म वर थांबलेले असतानाच गळत असेल तर नुसतं रॉड सील बदलून मोकळे होऊ नका, पिस्टन तपासा.

बकेटच्या टिल्ट जॅकला मात्र वरचा नियम तसाच्या तसा लावू नका, इथे भले भले चुकतात. स्किड स्टीअरमध्ये बकेट ओतताना टिल्ट जॅक लांब होतो, म्हणजे भरलेल्या बकेटचं वजन रॉडला बाहेर ओढत असतं, आत ढकलत नसतं. रॉड बाहेर निघाला की जॅकच्या आत जागा वाढते, ऑइल बाहेर पडायची गरजच नाही, रॉडच्या बाजूचं ऑइल खराब सीलवरून बुडाकडे जातं आणि कमी पडेल तेवढी पोकळी तयार होते किंवा अँटी-कॅव्हिटेशन व्हॉल्व्ह टँकमधून ऑइल ओढून घेतो. त्यामुळे बकेट आपोआप वाकत असेल तर तिथे पिस्टन सीलवर संशय घेणं बरोबर आहे. आधी स्वतःला विचारा, भार रॉडला आत ढकलतोय की बाहेर ओढतोय.

जॅक खरंच खराब आहे का हे न खोलता कळतं, आणि ही टेस्ट केल्याशिवाय कोणी किट मागवलं की मला राग येतो. बकेट काढून ठेवा, आर्म पूर्ण खाली, स्टॉपरवर टेकलेले. इंजिन बंद, लिव्हर हलवून प्रेशर मोकळं करा. एका जॅकचा बुडाकडचा पाईप काढा, त्या पाईपला प्लग मारा, आणि जॅकच्या उघड्या तोंडाला पारदर्शक नळी लावून कॅनमध्ये सोडा. इंजिन चालू करा आणि आर्म खाली दाबायचा इशारा द्या, पण सांभाळून, लिव्हर फ्लोटच्या खाचेत गेला तर दोन्ही बाजू टँकला उघडतात, प्रेशरच येत नाही आणि खराब जॅक चांगला वाटतो. सुरुवातीला थोडं उरलेलं ऑइल येईल ते सोडा. नंतर पण धार चालूच राहिली तर पिस्टनचं सील गेलंय. मग दुसरा जॅक, वेगळा. दोन्हींच्या लाइन एकमेकांना जोडलेल्या असतात, त्यामुळे एक खराब असला तरी त्रास दोन्हींना होतो आणि बाहेरून कुठला ते कळत नाही.

उचलायला दम नाही या तक्रारीत पण लगेच जॅकवर जाऊ नका. बकेट टिल्ट आणि ऑग्झिलरी (जोड-अवजारांची लाइन) पण ढिले असतील तर पंप, मेन रिलीफ (पूर्ण सिस्टिमचं प्रेशर ठरवणारा व्हॉल्व्ह) किंवा सक्शन (टँकमधून पंपाकडे येणारी लाइन) बघा. फक्त लिफ्टच ढिली असेल तर जॅक किंवा त्या सेक्शनचा पोर्ट रिलीफ.

जॅक चांगले निघाले की व्हॉल्व्हकडे या, पण लगेच नवीन व्हॉल्व्ह मागवू नका. आधी लिंकेज (लिव्हरपासून स्पूलपर्यंतची जोडणी) बघा. पिन झिजून किंवा सेटिंग बिघडून स्पूल पूर्ण न्यूट्रलला येत नसेल तर तो एका बाजूला जरासा उघडाच राहतो, आणि हे नुसतं अॅडजस्ट करून मिटतं. मग पोर्ट रिलीफ काढून त्याची सीट बघा, कचऱ्याचा एक कण अडकला तरी आर्म बसतात. लिफ्ट आणि टिल्टचे रिलीफ एकाच सेटिंगचे असतील (मॅन्युअलमध्ये खात्री करूनच) तर अदलाबदल करा, दुखणं जागा बदलतं का ते बघा. स्पूलवर उभे ओरखडे असतील तर ओ-रिंगने काही होणार नाही, ओ-रिंग फक्त बाहेरची गळती थांबवते. स्पूल आणि बॉडी जोडीनेच बसवलेली असते, त्यामुळे सेक्शन किंवा व्हॉल्व्ह बदलावा लागतो.

आणि लिव्हर वरच्या दिशेला टाकल्याबरोबर आर्म आधी क्षणभर खाली झुकून मग उचलत असतील तर दोष लोड चेक व्हॉल्व्हचा आहे (उचलताना भाराने ऑइल उलटं ढकलू नये म्हणून असलेला एकतर्फी व्हॉल्व्ह). न्यूट्रलला आर्म धरून ठेवण्याशी त्याचा संबंध नाही.

हा कचरा बराचसा आपणच घालतो. जेआयसी फिटिंगला टेफलॉन टेप गुंडाळणं हा प्रकार कृपा करून बंद करा. ते फिटिंग 37 अंशांच्या धातूच्या कोनावर बसतं, आटे फक्त ओढून धरायला असतात, सील करायला नाही. घट्ट असूनही गळत असेल तर बहुतेक कोनावर चरा आहे, फिटिंग बदला. टेपच्या चिंध्या तुटून ऑइलमध्ये जातात आणि त्याच रिलीफच्या सीटवर आणि स्पूलच्या फटीत जाऊन बसतात, म्हणजे बाहेरचा थेंब थांबवायला जाऊन आतली गळती विकत घेतली.

यातलं काहीही करताना आर्म वर असतील तर लिफ्ट आर्म सपोर्ट लावल्याशिवाय खाली कोणी शिरायचं नाही. लाकडाचा ठोकळा आणि दुसऱ्या मशीनचा आधार हे सपोर्ट नाहीत.

प्रत्येक स्पूल व्हॉल्व्ह थोडा पाझरतोच, त्यामुळे आर्म किंचित बसले म्हणून घाबरू नका. तुलना करायची तर ऑइल गरम असताना करा, कारण थंड घट्ट ऑइलला जुना स्पूल पण धरून ठेवतो. ठरलेलं वजन घ्या, आर्म वर करून इंजिन बंद करा, आसपास कोणाला थांबू देऊ नका, दहा मिनिटांत रॉड किती आत गेला ते लांबून बघता येईल अशी खडूची खूण करा आणि आकडा लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर तेच वजन, तेवढंच गरम ऑइल, परत मोजा. मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असेल तर तिच्याशी ताडून बघा.