लेव्होडोपाने मेंदूतल्या पेशी मरत नाहीत

‘गोळी जितकी उशिरा सुरू कराल तितकं बरं, लेव्होडोपाने उरलेल्या पेशीही मरतात’ हा सल्ला पार्किन्सन्सच्या (हातापायांना कंप सुटणाऱ्या मेंदूविकाराच्या) रुग्णांना आजही मिळतो. लेव्होडोपा हे या आजारावरचं नेहमीचं औषध. त्यापायी माणसं शर्टाची बटणं लावता येत नसतानाही गोळी टाळतात, हे पाहवत नाही.

या समजाचं मूळ प्रयोगशाळेतलं आहे. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर लेव्होडोपाचा मोठा डोस टाकला की त्या मरतात. पण माणसाच्या मेंदूत तसं होत असल्याचा पुरावा नाही. नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांपैकी निम्म्यांना गोळी लगेच दिली, उरलेल्यांना ४० आठवड्यांनी. ८० आठवड्यांनंतर दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती (२०१९).

मग पेशी मरतात कशाने? मेंदूच्या तळाशी असलेल्या ‘सब्स्टान्शिया नायग्रा’ या भागातल्या पेशींवर मुळातच कामाचा बोजा फार. एकेका पेशीच्या तंतूला लाखो जोडण्या सांभाळाव्या लागतात. त्यासाठी लागणारी ऊर्जा पुरवणारे पेशीतले मायटोकॉन्ड्रिया बिघडतात, अल्फा-सिन्युक्लीन हे प्रथिन चुकीची घडी पडून साचतं आणि पेशीची सफाई यंत्रणा मागे पडते. यातलं एक बिघडलं की दुसरंही बिघडतं. कंप दिसू लागतो तोवर बऱ्याच पेशी गेलेल्या असतात, बहुतेकदा एकही गोळी घेण्याआधीच.

गोळीला घाबरून खाजकुहिलीचं चूर्ण घेणाऱ्यांनी एवढं जाणून घ्यावं: त्यातही लेव्होडोपाच असतो, फक्त मोजून दिलेला नसतो. डोस किती आणि केव्हा, हे न्यूरॉलॉजिस्टलाच ठरवू द्या.