शाळेच्या मैदानावरची दुखापत आणि विम्याचे पैसे

कबड्डीत पकड सोडवताना गुडघा पिरगळला किंवा खो-खोच्या खांबाजवळ पडून मनगट मोडले, की पालकांचा पहिला प्रश्न असतो: शाळेचा विमा आहे ना? असतो, पण बहुतेक वेळा तो वैयक्तिक अपघात विमा असतो. मृत्यू झाला किंवा कायमचे अपंगत्व आले तरच त्यात ठरलेली रक्कम मिळते. प्लास्टरचा, ऑपरेशनचा खर्च हवा असेल तर 'अपघाती वैद्यकीय खर्च' हे कलम त्यात जोडलेले लागते आणि त्याची मर्यादा वेगळी, बरीच कमी असते. मुख्याध्यापकांकडे पॉलिसीची प्रत मागा, नुसत्या पावतीवर थांबू नका. संरक्षण फक्त शाळेच्या वेळेपुरते आहे, की तालुका-जिल्हा स्पर्धा, तिथला प्रवास आणि सकाळी सहाचा सरावही त्यात धरला आहे, हे प्रतीतच कळते.

घरचा मेडिक्लेम

नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस क्लेम मिळत नाही, ही अट अपघाताला लागू होत नाही. धोकादायक खेळांचे कलम वाचूनही घाबरू नका. ते गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटार शर्यत असे खेळ व्यावसायिक म्हणून खेळणाऱ्यांसाठी आहे, शाळेच्या कबड्डी-क्रिकेटसाठी नाही.

पैसे अडतात ते दुसरीकडे. हात मोडला, प्लास्टर घातले, तासाभरात घरी सोडले, तर तो ओपीडीचा खर्च. पॉलिसीत ओपीडी नसेल तर एक रुपयाही येत नाही. प्लेट बसवायला दाखल केले तर येतो. तुटलेल्या दाताचेही तसेच, दाखल व्हावे लागले तरच. कुबड्या आणि गुडघ्याचा पट्टा बऱ्याच कंपन्या बिलातून वगळतात.

पहिला केसपेपर

सर्वाधिक वाद गुडघ्याच्या लिगामेंटवरून, म्हणजे हाडे जोडणाऱ्या बंधावरून होतात. बऱ्याच पॉलिसींत गुडघ्याच्या ठरावीक आजारांना दोन वर्षांची प्रतीक्षा असते, म्हणजे तोवर क्लेम मिळत नाही; अपघाताला मात्र ती लागत नाही. म्हणजे गुडघा पडून दुखावला की आधीपासून दुखत होता, यावर सगळे ठरते आणि कंपनी ते पहिल्या केसपेपरवरून ठरवते. मूल लंगडत आठ-दहा दिवस काढते, मग डॉक्टरांकडे जाते. कागदावर येते, 'दहा दिवसांपासून गुडघेदुखी'. सामन्याचा उल्लेखच नाही! नंतर एमआरआयमध्ये फाटलेले लिगामेंट दिसले तरी क्लेम आजारपणात जातो.

म्हणून त्याच दिवशी दाखवा. तारीख, वेळ, मैदान, कोणता खेळ आणि नेमके कसे पडले, एवढे डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि लिहिले की नाही ते तिथेच वाचा. क्रीडाशिक्षकांच्या सहीचे, शाळेच्या लेटरहेडवरचे पत्र त्याच आठवड्यात घ्या. जुनी दुखापत असेल तर लपवू नका. खाडाखोड केलेला कागद नाकारलेल्या क्लेमपेक्षा जास्त महागात पडतो.

अचानक दाखल करावे लागले तर २४ तासांच्या आत कंपनीला किंवा टीपीएला (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला) कळवा. डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले, एक्स-रे, एमआरआयच्या फिल्म जपून ठेवा. त्याच बिलाचे पैसे दोन पॉलिसींतून पूर्ण मिळत नाहीत. पहिलीची मर्यादा संपल्यावर उरलेला खर्च दुसरीकडे मागता येतो. अपंगत्वाची ठरलेली रक्कम मात्र प्रत्येक अपघात पॉलिसीतून स्वतंत्र मिळते.

सरकारी अनुदान

हे बऱ्याच पालकांना ठाऊकच नसते. महाराष्ट्रात पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. २०२२ च्या शासन निर्णयानुसार अपघाती मृत्यूसाठी १,५०,००० रुपये, दोन अवयव किंवा दोन डोळे कायमचे निकामी झाल्यास १,००,००० आणि एक झाल्यास ७५,००० रुपये मिळतात. क्रीडा स्पर्धेत खेळताना जखमी झाल्यास रुग्णालयाचा प्रत्यक्ष खर्च, कमाल १,००,००० रुपये. हप्ता भरावा लागत नाही. अर्ज शाळेमार्फत करायचा असतो, त्यामुळे मुख्याध्यापकांच्या मागे लागावे लागते.

क्लेम नाकारला तर

कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे जा. त्यांची कार्यालये मुंबई आणि पुण्यात आहेत. कंपनीचा नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज द्यावा लागतो. फी नाही, वकीलही लागत नाही.