निवडक रचनांचे संकलन (पाश्चात्त्य अभिजात संगीत)

एखाद्या पाश्चात्त्य संगीतरचनाकाराच्या अनेक कृतींमधून लोकांच्या ओळखीचे झालेले भाग वेचून ते एकाच तबकडीवर, कॅसेटवर किंवा सीडीवर एकत्र आणले की त्या संचाला निवडक रचनांचे संकलन म्हणतात. ‘बेस्ट ऑफ मोझार्ट’, ‘बेस्ट ऑफ बेथोव्हन’ अशा नावांनी हे संच जगभर खपले. त्यांत नवे ध्वनिमुद्रण क्वचितच असते. कंपनीच्या संग्रहात आधीपासून पडून असलेल्या ध्वनिमुद्रणांतून निवड होते, आणि म्हणून एकाच संचात वेगवेगळे वाद्यवृंद, वेगवेगळे वाद्यवृंद-संचालक (कंडक्टर) आणि वेगवेगळ्या दशकांतले मुद्रणतंत्र शेजारी-शेजारी येते.

वेचे काढण्याची ही रीत ध्वनिमुद्रणाच्या धंद्याहून जुनी असून ती पुष्कळदा रचनाकारांनीच पाडली. नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या ‘पेअर गिंट’ नाटकासाठी एडवर्ड ग्रीगने रचलेले संगीत १८७६ मध्ये रंगमंचावर आले. १८८८ मध्ये त्याने त्यातले चार तुकडे निवडून मैफलीसाठी पहिला संच प्रसिद्ध केला. नाटकात चौथ्या अंकात उगवणारी सकाळ या संचात पहिली आली आणि तिसऱ्या अंकातला आसेचा (नायकाच्या आईचा) मृत्यू तिच्या मागे गेला. कथेचा क्रम मोडून ऐकणाऱ्याची सोय पाहिली ती ग्रीगनेच. चायकोव्हस्कीने तर ‘नटक्रॅकर’ बॅलेतील आठ तुकडे १८९२ च्या मार्चमध्ये, बॅलेचा पहिला प्रयोग होण्याच्या नऊ महिने आधीच, मैफलीत वाजवून घेतले; नाटकाआधी त्यातल्या पदांची तबकडी बाजारात यावी, तसाच हा प्रकार.

पुढे संकलनाचे आकारमान तंत्राने ठरवले. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-पाच मिनिटांचेच संगीत मावत असल्याने पूर्ण सिम्फनीसाठी (वाद्यवृंदाच्या, बहुधा चार भागांच्या मोठ्या रचनेसाठी) तबकड्यांचा जाडजूड संच घ्यावा लागे. कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये आणलेल्या एलपीमुळे (लाँग प्ले तबकडीमुळे) एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत बसू लागले. तिथे एक अख्खी कृती ठेवावी की पाच-सहा सुटे भाग, हा प्रश्न मग व्यापाराचा झाला. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीने ही मर्यादा सुमारे ७४ मिनिटांवर नेली. मोझार्टच्या मृत्यूला १९९१ मध्ये २०० वर्षे झाली, तेव्हा फिलिप्सने त्याच्या समग्र कृतींचा १८० सीडींचा संच काढला. तरी सामान्य ग्राहकाच्या घरात शिरली ती एकाच सीडीवरची निवड.

या निवडीत ‘आइने क्लाइने नाख्टमुझिक’चा पहिला भाग, ‘तुर्की रोंडो’ आणि ४० व्या सिम्फनीचा पहिला भाग बहुधा असतातच. सात-आठ मिनिटांच्या आत संपणारे आणि पहिल्या काही स्वरांत ओळख पटवणारे भाग संकलकाला सोयीचे पडतात. मात्र प्रत्येक कृती अशी तोडता येत नाही. मेंडेलसोनच्या व्हायोलिन कॉन्चेर्तोत (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्या रचनेत) पहिला भाग संपताना ‘बसून’ (bassoon) या फुंकून वाजवायच्या वाद्याचा एक स्वर तसाच धरून ठेवलेला असतो आणि त्यावरूनच दुसरा भाग सुरू होतो. पहिला भाग सुटा काढणाऱ्याला तो स्वर हळूहळू विरवावा तरी लागतो किंवा कापावा तरी लागतो, आणि दोन्ही वेळा कानाला ते खटकते.

नागपूरच्या मराठी श्रोत्याची या संगीताशी ओळख बहुधा आडवाटेने झाली. ४० व्या सिम्फनीची सुरावट त्याने सलील चौधरींनी १९६१ च्या ‘छाया’ चित्रपटात बांधलेल्या ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’ या गाण्यात आधी ऐकली, तर २५ व्या सिम्फनीची धून टायटन घड्याळांच्या जाहिरातीतून घरोघरी पोचली. मूळ कृती ऐकावीशी वाटली की सीताबर्डीच्या कॅसेटच्या दुकानात हाताशी येई ते संकलनच. हिंदुस्थानी संगीताच्या मैफलींवर, पुढे सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहातल्या कार्यक्रमांवर, ज्याचा कान तयार झाला त्याला या कॅसेटचे वेष्टन उलटेच वाटते. आपल्याकडे तबकडीवर गायकाचे नाव ठळक आणि बंदिश कोणाची हे बहुधा लिहिलेलेच नसते. इथे मोझार्टचे चित्र आणि नाव मोठे, आणि वाजवणारा वाद्यवृंद आतल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरांत, कधी तोही नाही. ‘वाजवलंय कोणी?’ हा अशा श्रोत्याचा पहिला प्रश्न अगदी रास्त आहे. ४० व्या सिम्फनीचा तोच पहिला भाग एक संचालक सात मिनिटांच्या आसपास संपवतो, तर लय सावकाश धरून पुनरावृत्ती घेणाऱ्या दुसऱ्याला साडेआठ लागतात. संकलन ऐकणाऱ्याला यांपैकी एकच मोझार्ट कळतो.

कर्तृत्वाच्या नोंदीतही संकलने ढिली असतात. टोमाझो आल्बिनोनीच्या नावावर सर्रास दिला जाणारा ‘अदाजियो’ प्रत्यक्षात रेमो जाझोत्तो या विसाव्या शतकातील अभ्यासकाने १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेली रचना आहे. वेष्टनावर सूचिक्रमांक छापलेला असेल तर मूळ कृतीपर्यंत पोचणे सोपे जाते: लुडविग फोन क्योखेलने १८६२ मध्ये केलेल्या मोझार्टच्या कृतींच्या सूचीत ४० व्या सिम्फनीचा क्रमांक ५५० आहे, आणि तो सांगितला की चारही भागांची पूर्ण ध्वनिमुद्रणे सापडतात.

मोबाइलवरच्या प्लेलिस्टने कॅसेट आणि सीडी दोन्ही मागे टाकल्या, पण सुटा भाग हाच तिचाही एकक राहिला. गाणे, गायक आणि अल्बम अशा तीन रकान्यांत पाश्चात्त्य अभिजात कृती नीट बसत नाही, म्हणून अ‍ॅपलने २०२३ मध्ये अभिजात संगीतासाठी वेगळे अ‍ॅप काढले. त्यात रचनाकार, कृती, संचालक, वाद्यवृंद आणि सूचिक्रमांक यांवरून शोध घेता येतो.