विमानतळ प्रकल्पांची पर्यावरण मंजुरी (खानदेश)

नवा विमानतळ बांधण्याआधी किंवा जुना वाढवण्याआधी त्याचा पाणी, जमीन, हवा, वन्यजीव आणि माणसे यांच्यावर काय परिणाम होईल हे तपासून सरकारची पूर्वमंजुरी घेण्याची प्रक्रिया. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ आणि त्याखालील १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना हा तिचा आधार आहे.

व्यापारी वापराचे विमानतळ अधिसूचनेत ‘अ’ वर्गात येतात. त्यांचा निर्णय केंद्रीय पर्यावरण मंत्रालय तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवरून घेते. इंधन भरण्याची सोय आणि हवाई वाहतूक नियंत्रण नसलेल्या धावपट्ट्यांना सूट आहे. खानदेशात हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण जळगावला प्रवासी विमानतळ आहे, तर धुळ्याजवळच्या गोंदूरला आणि शिरपूर तालुक्यात वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. अशी एखादी धावपट्टी उद्या प्रवासी वाहतुकीसाठी वाढवायची ठरली, तर तिला मंजुरीच्या वाटेनेच जावे लागेल.

आधी अभ्यासाची कार्यकक्षा ठरते, मग अहवालाचा मसुदा, जनसुनावणी आणि शेवटी छाननी. मसुद्यासाठी हवा, पाणी, आवाज यांची मोजणी साधारणपणे पावसाळा वगळून एका हंगामात करतात. तापी खोऱ्यात ही मोठी उणीव आहे. इथला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो; एरवी कोरडे दिसणारे नाले त्याच काळात वाहतात. काळी जमीन पाण्याने फुगते आणि पाणी सावकाश जिरवते. तिच्यावर दीड-दोन किलोमीटर लांबीचा भराव उताराला आडवा आला, तर वरच्या बाजूच्या कापसात पाणी तुंबते आणि खालच्या विहिरींकडे जाणारा प्रवाह वळतो. त्यामुळे नाल्यांचा नकाशा, अतिवृष्टीच्या दिवसांचा हिशेब आणि भरावाचा मुरूम कुठून येणार याचे उत्तर अहवालात असलेच पाहिजे. केळीच्या पट्ट्यात भूजल आधीच खोल गेले आहे. तिथे बांधकामाच्या पाण्याचा स्रोतही विचारायला हवा.

जनसुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्ष असतो. किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांतून सूचना द्यावी लागते, आणि अहवालाचा सारांश मराठीतही मिळतो. पूर्ण मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद व जिल्हा उद्योग केंद्रात पाहता येतो. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे गाव आले नाही तरी सुनावणी झाली असेच धरले जाते. शेवटी इतिवृत्त उपस्थितांना स्थानिक भाषेत वाचून दाखवणे बंधनकारक आहे. अहिराणी किंवा भिलोरी बोलणाऱ्यांनी तिथेच थांबून आपला मुद्दा नीट उतरला आहे का, हे पाहावे. लेखी हरकतीही देता येतात.

अर्जात माहिती दडवली तर काय होते, हे गोव्यातील मोपा विमानतळाच्या खटल्यात दिसले. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची मंजुरी स्थगित करून तज्ज्ञ समितीला फेरविचार करायला लावला. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली.

वनजमीन लागत असेल तर वन संवर्धन कायद्याखालची परवानगी वेगळी घ्यावी लागते. यावल किंवा अनेर अभयारण्याच्या परिसरात वन्यजीवांचाही प्रश्न येतो. शिवाय विमानतळाच्या १० किलोमीटर परिघात उघड्यावर कचरा टाकण्यास आणि जनावरे कापण्यास १९३७ च्या विमान नियमांनुसार बंदी आहे, कारण त्यामुळे पक्षी जमतात. कचरा डेपो जवळ असलेल्या कोणत्याही शहराने हे आधी बघावे.

मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस मिळतात. महाराष्ट्रासाठी लवादाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. मंजुरीनंतर अटींच्या पालनाचा अहवाल प्रकल्पधारकाने दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो, आणि तो कोणालाही पाहता येतो.