ट्रेलर-संगीत : बेळगाव सीमाभाग

ट्रेलर-संगीत : चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी त्याची जी झलक दाखवतात, तिला जोडलेले संगीत, ध्वनिपरिणाम आणि मुद्दाम राखलेली शांतता यांची एकत्रित रचना. चित्रपट कोणत्या जातकुळीचा आहे आणि तो पाहताना काय वाटणार आहे, हे दोन-अडीच मिनिटांत प्रेक्षकाच्या कानी घालणे हे तिचे काम. कथा पुढची गोष्ट. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी), विशेषतः बेळगाव, खानापूर आणि निपाणी या मराठी वस्तीच्या पट्ट्यात, या रचनेवर जरा जास्तच भार पडतो. मराठी, हिंदी आणि कन्नड चित्रपट इथे एकाच गावात लागतात. घरी मराठी बोलणारा माणूस बाजारात सहज कन्नड बोलत असला, तरी म्हैसूर-मंड्याकडच्या कन्नडमधला अर्धवट कापलेला संवाद त्याला पहिल्या फटक्यात उमगेलच असे नाही. वाद्य मात्र लगेच ओळखता येते.

ढोबळमानाने सांगायचे तर वाद्याचा पोत चित्रपटाचा प्रकार सांगतो. लय, स्वरांची उंची आणि शांतता भाव सांगतात. व्हायोलिनच्या तारा वरच्या पट्टीत खरवडल्यासारख्या वाजल्या की भयपट, हा संकेत बर्नार्ड हरमन यांनी १९६०च्या ‘सायको’ला दिलेल्या, केवळ तंतुवाद्यांच्या संगीतानंतर पक्का झाला. गज न लावता बोटांनी छेडलेल्या तारा आणि त्यात डोकावणारे क्लॅरिनेट ऐकू आले की विनोदी चित्रपट. हे संकेत किती घट्ट बसले आहेत याचा उत्तम नमुना २००५ सालचा आहे. रॉबर्ट रायंग या संकलकाने ‘द शायनिंग’ या भयपटातील दृश्ये उचलली, गोडसे निवेदन घातले, शेवटाकडे पीटर गॅब्रिएल यांचे ‘सॉल्सबरी हिल’ हे गाणे लावले आणि बाप-लेकाच्या प्रेमाचा हलकाफुलका कौटुंबिक ट्रेलर तयार केला. दृश्ये मूळ भयपटातलीच, तरी पाहणाऱ्याला हसू येते.

हॉलिवूडच्या ट्रेलरमधील संगीत बहुधा त्या चित्रपटाचे नसतेच. ट्रेलर कापला जातो तेव्हा पार्श्वसंगीत तयार झालेले नसते, म्हणून केवळ ट्रेलरसाठी संगीत पुरवणाऱ्या संस्थांकडून तुकडे घेतले जातात. २००६ मध्ये सुरू झालेली ‘टू स्टेप्स फ्रॉम हेल’ ही त्यांपैकी नावाजलेली. कार्ल ऑर्फ यांच्या ‘कार्मिना बुराना’ या १९३७च्या रचनेतील समूहगान तर इतक्या ट्रेलरांना लागले, की भव्यतेची ती ठरीव खूणच होऊन बसली. क्लिंट मॅन्सेल यांनी २०००च्या ‘रिक्विएम फॉर अ ड्रीम’साठी केलेली धून मोठ्या वाद्यवृंदावर नव्याने बांधून २००२च्या ‘द टू टॉवर्स’च्या ट्रेलरला वापरली गेली. व्यसनाधीनांच्या शोकांतिकेचे सूर असे युद्धपटाला लागले आणि शोभलेही.

भारतात मामला वेगळा. गाणी आधी तयार असतात आणि चित्रपटाआधी बाजारात येतात, त्यामुळे ट्रेलरचा कणा बहुतेक वेळा गाण्याचा मुखडाच असतो. ‘सैराट’साठी (२०१६) अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. वर्षभरातच, २०१७ मध्ये, त्याचा कन्नड अवतार ‘मनसु मल्लिगे’ या नावाने आला. संगीतकार तेच आणि नायिका रिंकू राजगुरूच. कन्नड झलक पाहताना सीमाभागातल्या मराठी माणसाला चाल ओळखीची आणि शब्द परके वाटले. त्याच्या कन्नड शेजाऱ्याला आदल्या वर्षी ‘सैराट’ची चालही नवी होती आणि शब्दही परके.

ग्रामीण प्रेमकथेचा ट्रेलर कसा बांधतात ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. पहिल्या काही सेकंदांत बासरीचा एक लांब स्वर किंवा विहिरीवरच्या रहाटाचा आवाज. मग गाण्याची ओळ, मोकळी लय, दृश्ये निवांत. साधारण मध्यावर सगळे अचानक तुटते. एक-दीड सेकंद काहीच ऐकू येत नाही. संपूर्ण ट्रेलरमधली सर्वांत महत्त्वाची जागा हीच. त्या शांततेवर हलगीची एक थाप पडते. तिथून पुढे प्रत्येक कापावर, म्हणजे दृश्य बदलते तिथे, एक ठोका, ठोक्यांमधले अंतर कमी कमी होत जाते आणि मागे संकलक ज्याला ‘राइझर’ म्हणतात तो चढत जाणारा आवाज. शेवटी नाव झळकते आणि नावानंतर संगीताविना एक चटकदार वाक्य. ही बांधणी आता इतकी सरावाची झाली आहे, की मध्यावरची शांतता आली की पुढे कुऱ्हाड निघणार हे पोरेसोरेही सांगतात.

हलगीबद्दल थोडे सविस्तर, कारण या भागातल्या ट्रेलरचा भाव पुष्कळदा तिच्यावरच तोललेला असतो. कड्यावर ताणून बसवलेले कातडे, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. वाजवण्याआधी ती जाळावर धरून तापवतात, म्हणजे कातडे ताणले जाऊन आवाज कडक येतो. जोडीला घुमके हे खर्जात घुमणारे चर्मवाद्य आणि कैताळ हे झांजेसारखे धातूचे वाद्य. हीच हलगी कुस्तीच्या मैदानात वाजते, वरातीत वाजते आणि अंत्ययात्रेतही वाजते. वाद्य बदलत नाही, चाल बदलते. मैदानात पैलवान एकमेकांना भिडले की ठोके दाट होतात, अंत्ययात्रेत ते विरळ आणि जड पडतात. त्यामुळे नुसती हलगी ऐकून इथला प्रेक्षक ‘आपल्याकडचा, मातीतला चित्रपट’ एवढेच ताडतो. मारामारी, लग्न की मरण, हे त्याला चालीवरून कळते. बाहेरच्या संगीत-संयोजकांनी अंत्ययात्रेची चाल नाचाच्या दृश्यावर लावली, तर ती इथल्या कानाला खटकल्याशिवाय राहत नाही. ही कला ज्या मांग, होलार, महार वादकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांचे नाव ट्रेलरखाली क्वचितच दिसते. संगीतकाराचे मात्र ठळक अक्षरांत असते.

संकेत चुकण्याचे आणखी ठळक उदाहरण म्हणजे चौंडके. लाकडी नळकांड्याच्या तळाशी कातडे आणि त्यातून निघणारी एकच तार. काखेत धरून तार ताणली-सैल केली की स्वर वर-खाली घसरतो. सौंदत्तीच्या रेणुका-यल्लम्माचे डोंगरावरचे देऊळ याच जिल्ह्यातले. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेला कोल्हापूर भागातूनही गाड्या भरून लोक येतात, आणि चौंडके हा त्या यात्रेचा आवाज. जोगत्या-जोगतिणींच्या जगण्यावरच्या ‘जोगवा’ या मराठी चित्रपटाच्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो या परंपरेला पडद्यावर मिळालेला मोठा मान. पण झलक कापणाऱ्या काही संकलकांना चौंडक्याचा घसरता स्वर केवळ ‘गूढ’ वाटतो आणि तो भुताखेतांच्या दृश्यांवर चढवला जातो. ‘उदं गं आई’ म्हणत डोंगर चढलेल्या माणसाला त्या स्वराने भीती वाटत नाही, हात जोडावेसे वाटतात. तिथे ट्रेलरचा नेम चुकतो.

ऐतिहासिक चित्रपटांचे ट्रेलर इथे सर्वांत एकसारखे वाजतात. मराठी शिवपटाला तुतारी, नगारा आणि पोवाड्याचा डफ. कन्नड इतिहासपटाला कहळे हे तुतारीसारखे वाद्य आणि नगारा. इंग्रजांशी लढलेली कित्तूरची राणी चन्नम्मा आणि तिचा सेनानी संगोळ्ळी रायण्णा दोघेही याच जिल्ह्यातले. रायण्णाला १८३१ मध्ये फाशी दिली ते नंदगड आज खानापूर तालुक्यात, मराठी बोलणाऱ्या गावांच्या शेजारात आहे. त्याच्यावरचा कन्नड चित्रपट २०१२ मध्ये आला. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रात्रभर ढोल-ताशे ऐकलेल्या बेळगावकराला दोन्हींतला वीररस सारखाच भिडतो. भाषेवरून वाद रंगतात ते झलक संपल्यावर.

‘केजीएफ’ या कन्नड चित्रपटानंतर (२०१८) कन्नड, तेलुगू, हिंदी, तमिळ आणि मल्याळम अशा पाच भाषांत एकदम ट्रेलर सोडण्याची पद्धत रुळली. त्यात संगीत आणि ध्वनिपरिणामांचा पट्टा एकच असतो, फक्त संवाद बदलतात. मराठी आवृत्ती सहसा नसते. बेळगावचा मराठी प्रेक्षक हिंदी किंवा कन्नड यांपैकी एक निवडतो आणि ‘केजीएफ’चे संगीतकार रवी बसरूर यांचे समूहस्वर व धातूवरचे घाव त्याला दोन्हींत तेच मिळतात.

आता ट्रेलर बहुतांशी मोबाइलवर पाहिला जातो, आणि त्याने संगीताची वाटणीच बदलली. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्जातले आवाज जवळजवळ गळून जातात. चित्रपटगृहात छातीवर आदळणारा धडाका फोनवर नुसता खरखरतो, घुमक्याचा घुमारा विरतो. हलगीच्या काडीचा कडकडाट वरच्या पट्टीतला, तो स्पष्ट पोचतो. त्यामुळे ध्वनिमिश्रण करणारे खर्जाच्या प्रत्येक ठोक्यावर वरच्या पट्टीतला एखादा टणत्कार हटकून चढवतात, आणि तोच ट्रेलर चित्रपटगृहात लागला की जरा कर्कश वाटतो.