तीव्र नैराश्य : कुटुंबाची साथ

तीव्र नैराश्याने आजारी असलेल्या व्यक्तीला घरच्या माणसांनी उपचारांच्या काळात आणि त्यानंतर दिलेला आधार. मन सतत उदास असणे किंवा कशातच गोडी न वाटणे ही स्थिती किमान २ आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ टिकली आणि तिच्या जोडीला झोप, भूक व एकाग्रता बिघडणे, अपराधीपणा बळावणे यांसारखी काही लक्षणे दिसली, तर नैराश्याचे निदान होते. आजार तीव्र झाला की नित्याचे व्यवहारही ठप्प होतात. टॉवेल हातात घेऊन पलंगाच्या कडेला तासभर बसून राहिलेला माणूस घरच्यांना आळशी वाटतो. प्रत्यक्षात उठून आंघोळीला जाणे एवढेही त्याच्या आवाक्यात राहिलेले नसते.

‘मनावर घेऊ नकोस’, ‘तुला कमी काय आहे?’ ही वाक्ये बहुधा मायेपोटीच उच्चारली जातात, पण आधीच स्वतःला दोषी मानणाऱ्याच्या कानी ती ठपका म्हणूनच पडतात. क्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ या संशोधकांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, घरच्यांची जेवढी टीका स्किझोफ्रेनियाच्या (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराच्या) रुग्णाचा आजार उलटण्याशी, म्हणजे बरे वाटल्यावर पुन्हा बळावण्याशी, निगडित होती, त्याहून कमी टीकाही नैराश्याच्या रुग्णांच्या बाबतीत तशीच ठरल्याचे दिसले. पुढे १९८९ मध्ये जिल हूली आणि जॉन टीसडेल यांना आढळले, की जोडीदार आपल्यावर कितपत टीका करतो, या एकाच प्रश्नाला रुग्णाने दिलेल्या उत्तरावरून आजार उलटण्याचा सर्वांत चांगला अंदाज बांधता येतो. म्हणजे बोलणाऱ्याचा हेतू काय होता यापेक्षा ऐकणाऱ्याला काय लागले, हे येथे अधिक महत्त्वाचे. त्यामुळे उपदेश आवरणे हीच कुटुंबाची पहिली आणि बहुधा सर्वांत अवघड मदत म्हणावी लागते.

उरलेली मदत साधी असते : डॉक्टरांची वेळ ठरवणे, सोबत जाणे, गोळ्यांकडे लक्ष ठेवणे, ‘फिरायला जा’ असे सांगण्याऐवजी ‘दारापर्यंत येतोस का?’ असे विचारून बरोबर निघणे आणि नकार आला तर रुसून न बसणे.

आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे शांतपणे, थेट विचारावे. होकार मिळाल्यास त्या व्यक्तीला एकटे न सोडता, कीटकनाशके, साठवलेल्या गोळ्या यांसारखी साधने तिच्या हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था करून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. नैराश्यरोधक औषधांचा गुण दिसू लागण्यास साधारणतः २ ते ४ आठवडे, तर पुरता परिणाम होण्यास त्याहून अधिक काळ लागतो. या सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः २५ वर्षांखालील रुग्णांत, आत्महत्येचे विचार वाढू शकतात. म्हणून हालचाल सुधारली तरी देखरेख सैल करू नये. बरे वाटू लागल्यावरही औषधे सहसा किमान ६ महिने चालू ठेवतात, आणि ‘आता कशाला गोळ्या?’ हा प्रश्न घरातूनच निघतो. तो रुग्णाला नव्हे, डॉक्टरांना विचारावा.