मंडळी आधी वर घेतली जाणार का? एका वादाची मराठवाड्यापर्यंतची वाट

जालना, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर या भागांतल्या ख्रिस्ती घरांत अलीकडे एक वाद पुन्हा पुन्हा उभा राहतो. आजी-आजोबा सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) चर्चमध्ये वाढलेले असतात आणि नातू एखाद्या स्वतंत्र मंडळीत, म्हणजे स्वतंत्र चर्चमध्ये, जात असतो. इस्राएलच्या सीमेवर युद्ध पेटले किंवा कुठे मोठा भूकंप झाला की मोबाइलवर एक तक्ता फिरू लागतो. आधी विश्वासणारे गुपचूप वर, स्वर्गात, घेतले जाणार, मग सात वर्षांचे महासंकट, त्यात ख्रिस्तविरोधकाची सत्ता, मग प्रभूचे उघड आगमन आणि शेवटी पृथ्वीवर हजार वर्षांचे राज्य. नातू म्हणतो, हे शास्त्रात आहे. आजोबा म्हणतात, शास्त्र वाचण्यात जन्म गेला, असा तक्ता काही कुठे दिसला नाही. दोघांच्याही बोलण्याला आधार आहे, कारण या तक्त्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट बायबलमध्ये सापडते आणि तक्ता मात्र सापडत नाही.

प्रभू पुन्हा येणार यावर वाद नाही, हे आधी सांगितले पाहिजे. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो येईल, हे प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या जुन्या कबुलीत, आहे आणि जुन्या चर्चमध्ये ते उपासनेत मोठ्याने म्हटले जाते. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडल्या गेलेल्या मतांगीकारात त्याच्या राज्याला अंत नसल्याचीही ग्वाही आहे. कॅथलिक, सीएनआय, मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल, ब्रदरन, कोणीही हे नाकारत नाही. म्हणून तक्ता न मानणाऱ्याला 'द्वितीय आगमनावर विश्वास नसलेला' ठरवणे हा उघड अन्याय आहे, आणि तो आपल्याकडे सर्रास होतो. वाद आहे तो क्रमाचा.

तक्त्याचे तुकडे वेगवेगळ्या पुस्तकांतून आले आहेत. मेघांत प्रभूला सामोरे जाण्याची गोष्ट थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. पौलाने ते पत्र साधारण इ.स. ५० च्या सुमारास लिहिले, आणि तो भाग लिहिला तो आपली माणसे गमावून शोक करणाऱ्या मंडळीच्या सांत्वनासाठी. सात वर्षांचा हिशेब दानीएलाच्या नवव्या अध्यायातल्या सत्तर सप्तकांपैकी शेवटच्या सप्तकावरून, म्हणजे सातांच्या गटावरून, येतो. ख्रिस्तविरोधकाचे नाव योहानाच्या पत्रांत आहे, आणि असे पुष्कळजण आताच उठले आहेत असे तो तिथे म्हणतो. हजार वर्षांचे राज्य फक्त बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात येते. हे सारे एकापुढे एक मांडणारा एकही अध्याय नाही. गोधडीतला प्रत्येक तुकडा खऱ्या कापडाचा असावा आणि शिवण मात्र शिवणारीची असावी, तसे हे आहे. ती शिवण बरोबर आहे की नाही, यावर चर्चा व्हायला हवी.

या चर्चेला अठरा शतकांहून अधिक काळ झाला. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर हजार वर्षांच्या राज्यावर विश्वास ठेवत होता, पण शुद्ध आणि भक्तिमान विश्वासाचे अनेक ख्रिस्ती लोक वेगळे मानतात, हेही त्याने स्वतःच लिहून ठेवले. गॉलमधला (आजच्या फ्रान्समधला) बिशप इरेनियस त्याच मताचा. तरीही इ.स. १८० च्या सुमारास प्रकटीकरणातल्या श्वापदाच्या ६६६ या आकड्यावरून कुणाचे नाव काढण्याची घाई करू नका, भविष्य पूर्ण होण्याची वाट पाहणे अधिक सुरक्षित आहे, असे त्याने बजावले. काही हस्तलिखितांत हाच आकडा ६१६ असा येतो हेही त्याला ठाऊक होते. आज व्हॉट्सॲपवर दर वर्षी नव्या माणसाला हा आकडा चिकटवला जातो, तेव्हा हजार वर्षांचे राज्य अक्षरशः मानणाऱ्या या जुन्या बिशपाची आठवण व्हायला हवी.

या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग इजिप्तमधला आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर अर्सिनोए भागातल्या खेड्यांत मंडळ्या दुभंगल्या होत्या. नेपोस नावाच्या तिथल्या बिशपाने प्रकटीकरणातली वचने रूपक नसून अक्षरशः खरी होणार आहेत, असे ठासून सांगणारे पुस्तक लिहिले होते. तो वारला होता, पण त्याच्या शास्त्राभ्यासामुळे आणि त्याने दिलेल्या गीतांमुळे लोकांचा त्याच्यावर जीव होता. त्याचे पुस्तक हातात घेऊन गावेच्या गावे वेगळी होऊ लागली. अलेक्झांड्रियाचा बिशप दियोनिसियस या मताच्या विरोधात होता. त्याने हुकूम काढला नाही. तो स्वतः तिथे गेला, गावोगावचे वडील आणि शिक्षक बोलावले, आणि सर्वांसमक्ष तीन दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, ते पुस्तक त्यांच्याबरोबर तपासले. त्याने नेपोसबद्दल आदरच ठेवला. समोरच्या लोकांच्या सत्यप्रीतीचे आणि पटल्यावर जुने मत सोडण्याच्या तयारीचे त्याने मनापासून कौतुक केले. शेवटी त्या पक्षाचा पुढारी कोराकियोन याने सर्वांदेखत आपले मत बदलल्याचे सांगितले. हा वृत्तांत इतिहासकार युसेबियसने जपून ठेवला. नंतर दियोनिसियसने ग्रीक भाषेची शैली तपासून प्रकटीकरणाचा लेखक प्रेषित योहान नसावा असेही मत मांडले, पण बांधवांना प्रिय असलेले पुस्तक नाकारण्याचे धाडस मी करणार नाही, त्यातला अर्थ माझ्या बुद्धीपलीकडचा असेल, असे तो म्हणाला.

पुढे उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला हजार वर्षे म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या आगमनापासून दुसऱ्यापर्यंतचा मंडळीचा काळ, असा अर्थ लावला. आधी तो स्वतःही अक्षरशः अर्थ मानत होता. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये त्याचेच मत हजारभर वर्षे टिकले. धर्मसुधारणेच्या काळातही फार बदल झाला नाही. ल्यूथरला १५२२ मध्ये प्रकटीकरण हे पुस्तकच पटत नव्हते, आणि कॅल्व्हिनने त्यावर भाष्य लिहिले नाही.

आजोबांचा विश्वास या प्रवाहातून मराठवाड्यात पोहोचला. निजामाच्या राज्यात, जालन्याला, रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने काम उभे केले. ब्राह्मण घराण्यातून १८४३ साली ख्रिस्ती झालेला हा माणूस मुख्यतः मांग समाजात राबला आणि जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीकडून पारशी घरातून आलेले रतनजी नवरोजी काम करत होते. फ्री चर्चची शिकवण वेस्टमिन्स्टरच्या विश्वासकबुलीवर उभी होती. त्या १६४६ च्या कबुलीत एकच न्यायाचा दिवस आहे आणि तो दिवस देवाने मुद्दाम लपवून ठेवला आहे, म्हणजे माणसे सदैव जागी राहतील. त्यात सात वर्षे नाहीत की गुप्तपणे वर घेतले जाणेही नाही. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची आशाही वेगळी होती: आधी सुवार्ता पसरेल, अज्ञान आणि जुलूम ओसरतील, मग प्रभू येईल. शाळा, दवाखाने, शेती यांना त्या आशेत जागा होती. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांच्यासाठी न्यायाचा दिवस म्हणजे आपली बाजू ऐकली जाण्याचा दिवस, हे समजायला तक्त्याची गरज नव्हती. १८७६-७८ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ पाहिलेल्या पिढीला मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातली उपासमार कुणी समजावून सांगावी लागली नसेल.

वैजापूर-गंगापूरकडच्या कॅथलिक गावांत हा वाद जवळजवळ नाहीच. रोमने १९४४ मध्ये सौम्य स्वरूपातलेही हजार वर्षांच्या राज्याचे मत सुरक्षितपणे शिकवता येत नाही असा निर्णय दिला होता, आणि १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही तेच कायम आहे.

तक्त्याची आजची शिवण घातली ती जॉन नेल्सन डार्बी यांनी. आयर्लंडच्या अँग्लिकन चर्चचे हे पाळक चर्च सोडून ब्रदरन या स्वतंत्र प्रॉटेस्टंट चळवळीत आले. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला आयर्लंडमधल्या पॉवर्सकोर्ट इथल्या भविष्यवाणीच्या परिषदांत त्यांची मांडणी आकाराला आली. इस्राएल आणि मंडळी यांच्यासाठी देवाच्या दोन वेगळ्या योजना आहेत. दानीएलाचे एकोणसत्तरावे सप्तक संपल्यावर इस्राएलची कालगणना थांबली आहे. मंडळी वर घेतली गेली की उरलेले सप्तक, म्हणजे सात वर्षे, सुरू होणार. ख्रिस्त हजार वर्षांआधी येणार असे मानणारे पूर्वीही पुष्कळ होते, पण आगमनाचे असे दोन टप्पे करून मंडळीला संकटाआधी बाहेर काढणारी ही पद्धतशीर मांडणी नवीन होती. ब्रदरन लोकांतच तिला विरोध झाला. बेंजामिन विल्स न्यूटन यांनी मंडळी महासंकटातून जाणार असा आग्रह धरला, आणि १८४५ नंतर प्लिमथची मंडळी फुटली, त्यात इतर कारणेही होती. म्हणजे डार्बींशी पहिला कडवा वाद घातला तो अक्षरशः अर्थ लावणाऱ्या, शास्त्रालाच शेवटचे प्रमाण मानणाऱ्या माणसांनी. 'हे उदारमतवादी लोक शास्त्र मानत नाहीत म्हणून विरोध करतात' हे आज ऐकू येणारे उत्तर त्यामुळे टिकत नाही.

ब्रदरन माणसे भारतात लवकर आली. अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज १८३३ मध्ये आले, आणि त्यांच्यामुळे १८३६ मध्ये आलेल्या बोडेन आणि बीअर या कुटुंबांनी गोदावरीच्या मुखाकडे, आंध्रात, काम सुरू केले. पैठण-नांदेडवरून वाहणाऱ्या त्याच नदीचे हे दुसरे टोक. पण डार्बींच्या मांडणीला जगभर पाय फुटले ते १९०९ मध्ये निघालेल्या, अमेरिकी पाळक स्कोफिल्ड यांच्या टिपांसह छापलेल्या बायबलमुळे. टिपा वचनांच्याच पानावर खाली छापलेल्या होत्या. वाचणाऱ्याला वचन कुठे संपले आणि टीप कुठे सुरू झाली याचे भान राहीनासे झाले. माझ्या मते या साऱ्या गोंधळाचे एक मोठे मूळ इथे आहे.

मराठी मुलखात याच सुमारास दुसरी लाट आली. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झाली. पवित्र आत्म्याचा हा वर्षाव म्हणजे प्रभूच्या येण्याआधीचा शेवटचा पाऊस, अशी भावना जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीत रुजली. मग १९४८ आले. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला त्याच वर्षी इस्राएल राष्ट्र उभे राहिले, आणि डार्बींची मांडणी मानणाऱ्यांना भविष्य डोळ्यांदेखत पूर्ण झाल्यासारखे वाटले. १९६७ मध्ये पूर्व यरुशलेम इस्राएलच्या ताब्यात आल्यावर ही खात्री आणखी पक्की झाली. नंतरच्या दशकांत अमेरिकी पुस्तके, बायबल स्कूल, सभा, टीव्ही आणि यूट्यूब यांमधून ही मांडणी आपल्या तालुक्यांपर्यंत आली. तोवर जुनी मिशने १९७० च्या एकीकरणातून सीएनआयमध्ये गेली होती.

संकटाआधी वर घेतले जाण्याच्या बाजूने दिली जाणारी वचने फेकून देण्यासारखी नाहीत. देवाने आपल्याला क्रोधासाठी नेमले नाही, असे पौल म्हणतो. फिलदेल्फियाच्या मंडळीला परीक्षेच्या घटकेपासून राखण्याचे अभिवचन प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. प्रभू कोणत्याही क्षणी येईल ही सावधगिरी तर साऱ्या नव्या करारात आहे. पण दुसरी बाजू अधिक जड आहे, असे मला वाटते. थेस्सलनीकाकरांच्या त्याच भागात गर्जना, आद्यदेवदूताची वाणी आणि तुतारी आहे, त्यात गुप्त असे काहीच नाही. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात निवडलेल्यांना गोळा करणे त्या संकटानंतर येते. शेतातल्या दोघांपैकी एक घेतला जातो, त्याच्या अगदी आधी जलप्रलयाने लोकांना वाहून नेल्याचा उल्लेख आहे, म्हणजे घेतला गेलेला भाग्यवान की मागे राहिलेला, हेही उघड नाही. आणि योहानाच्या सतराव्या अध्यायात येशू आपल्या लोकांना जगातून काढून घे अशी विनंती करत नाही, असे तो स्वतः सांगतो.

तारखांचा अनुभव तर सर्वांसमोर आहे. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहिली, हॅरॉल्ड कॅम्पिंगच्या श्रोत्यांनी २१ मे २०११ ची. दोन्ही दिवस आले आणि गेले. आपल्या देशात मिझोराममध्ये काही ख्रिस्ती लोकांनी आधार कार्डाला श्वापदाची खूण समजून नकार दिला, आणि करोनाच्या लसीबद्दलही तसलीच भीती पसरवली गेली. भीतीने एखाद्या आजीची लस राहते किंवा रेशनचे कागद अडतात, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

दोष एकट्या यूट्यूबचा नाही. जुन्या चर्चमध्ये नाताळाआधीचे चार रविवार आगमनाचे म्हणून पाळले जातात, पण दानीएल आणि प्रकटीकरण क्वचितच उघडले जाते. सत्तरावे सप्तक कुठे गेले, असे एखाद्या तरुणाने विचारले तर त्या फंदात पडू नकोस, असे उत्तर मिळते, आणि तो जिथे उत्तर मिळते तिथे जातो. या चार आठवड्यांत गावातल्या सीएनआयचे पाळक आणि स्वतंत्र मंडळीचे पास्टर यांनी एकत्र बसून, टिपा बाजूला ठेवून, दानीएलाचा नववा, मत्तयाचा चोविसावा, थेस्सलनीकाकरांचा चौथा आणि प्रकटीकरणाचा विसावा हे चार अध्याय लोकांबरोबर सलग वाचले, तर नातवाला आणि आजोबांना आपापले प्रश्न एकाच ठिकाणी विचारता येतील.